मूठ कोणाच्या शिंगाची?

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती आणि घरात आवराआवर चालली होती. माळ्यावरून एक जुना लाकडी डबा खाली आला. आत आजीची बाळगुटीची सहाण, वेखंड, मुरडशेंग, जायफळाचा अर्धा तुकडा, हळकुंड आणि तळाशी लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, वीतभरापेक्षा थोडा कमी लांबीचा एक तपकिरी तुकडा. एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला, दुसऱ्या बाजूने झाडाच्या सालीसारखा खडबडीत. आई म्हणाली, "सांबरशिंग आहे ते. तुमची छाती भरली की सासूबाई उगाळून लावायच्या. गड्ड्यावर एका वैदूकडून घेतलं होतं त्यांनी."

माझा भाचा तिथेच बसला होता. तो चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी चाकू बनवतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा किंवा झिजलेली कानस घ्यायची, भट्टीत लाल करायची, ठोकायची, तेलात बुडवून पाणी द्यायचे आणि मग आठ-आठ दिवस घासत बसायचे, असा त्याचा छंद. त्याने तो तुकडा हातात घेतला, वजन केले, उजेडात धरला आणि म्हणाला, "मामा, हे मला द्या की. आजीसाठी सुरी करतो, मूठ याचीच."

मागणी प्रेमाची होती. आईचा चेहराही खुलला होता. पण वर्तमानपत्रात अधूनमधून वाचलेल्या बातम्या मला आठवल्या आणि मी "थांब, आधी चौकशी करू" असे म्हणालो. त्या चौकशीतून जे हाती लागले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातल्या डब्यांशी, भिंतींशी आणि आता मोबाइलवरून होणाऱ्या खरेदीशी संबंधित आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक शब्द, दोन वस्तू

पहिला घोटाळा आपल्या भाषेत आहे. गाईचे, म्हशीचे, काळविटाचे, सांबराचे, चितळाचे असे सगळ्यांचे आपण 'शिंग'च म्हणतो. प्रत्यक्षात या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. गाय, म्हैस, काळवीट यांचे शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखांच्या जातीच्या द्रव्याचे टोपण. ते जन्मभर वाढते आणि गळत नाही. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र सबंध हाडच असते. ते फक्त नराला येते, दरवर्षी गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. आपल्याकडे सांबराची शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या सुमारास गळतात. पावसाळ्यात नवे शिंग मखमली कातडीखाली वाढते. त्यात रक्त खेळत असते, स्पर्श कळत असतो. पुढे ती कातडी वाळते, नर झाडाच्या खोडावर घासून ती उतरवतो आणि हिवाळ्यात माजावर येतो तेव्हा ते हत्यार तयार असते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या झपाट्याने वाढणारा अवयव दुसरा क्वचितच असेल.

सोलापूरकरांनी हा फरक विशेष लक्षात ठेवायला हवा. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. माळढोक आता दिसेनासा झाला, पण त्याच गवतात काळविटांचे कळप आजही उड्या मारताना दिसतात. काळविटाची पिळदार शिंगे कधीच गळत नाहीत. तेव्हा कोणी "माळावर पडलेले सापडले" म्हणून काळविटाचे शिंग दाखवले, तर ते मेलेल्या किंवा मारलेल्या काळविटाचेच असणार. "गळून पडलेले" ही सबब फक्त सांबर-चितळाच्या बाबतीत सांगता येते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कारागिराचा डोळा

भाच्याचे एक मला पटले. ही वस्तू मुठीसाठी उत्तम आहे. सांबराच्या शिंगाचा बाहेरचा थर जाड आणि घट्ट असतो, आतला जाळीदार भाग त्या मानाने कमी. वरच्या खडबडीत खाचांमुळे ओला हातही घसरत नाही. म्हणून इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या चाकूसुऱ्यांच्या नामांकित गावांत हिंदुस्थानातले सांबरशिंग पिढ्यान् पिढ्या जात असे. साहेबाच्या जेवणाच्या टेबलावरची मांस कापायची सुरी, शिकाऱ्याचा चाकू, खिशातला घडीचा चाकू या सगळ्यांच्या मुठींत आपली जंगले होती.

निवड करणाऱ्याची नजरही तयार असावी लागे. आकाराच्या मानाने जड ते चांगले. उन्हापावसात पडून पांढरे, खडूसारखे झालेले बाद. बारीक तडा असेल तर पात्याला धरणारा खिळा मारताना ते उकलणार. डोक्याजवळचा फाटा आणि टोकाकडचा दुफाटा यांच्यामधला सरळ भाग तेवढा सलग मुठीच्या कामाचा. एकाच शिंगाच्या दोन फाका समोरासमोर बसवल्या तरच रंग आणि खाचा जुळतात. म्हणजे हातभर लांबीच्या शिंगातून चांगल्या मुठी निघणार दोन-चारच. बाकीची कुठे बटणे, कुठे छत्रीच्या मुठी, कुठे भुकटी. एका सुबक मुठीमागे किती शिंगे चाळली जात असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे सारे कौशल्य खरे आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण या कौशल्यातच एक गोष्ट दडलेली आहे. आपोआप गळालेल्या शिंगाचे बूड ओळखता येते. तिथे खरबरीत कडे असते आणि खालची बाजू किंचित फुगीर, जणू पिकलेल्या फळाचा देठ सुटावा तशी. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो किंवा करवतीची खूण असते. जाणत्या माणसाला एका नजरेत समजते. मात्र मुठीसाठी लागतो तो मधला भाग. बूड कापून टाकले की पुरावाही कापला जातो. उरलेल्या वीतभर तुकड्याला घासून, पितळी खिळे मारून, चमक आणली की तो जंगलात उचलला की बंदुकीने मिळवला, हे वनखात्यालाही नुसत्या नजरेने सांगता येणार नाही आणि बनवणाऱ्यालाही नाही.

कायदा आडमुठा आहे काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भाषेत शिंग, दात, नख, कातडे या सगळ्यांना 'ट्रॉफी' म्हणतात. आपल्याला ट्रॉफी म्हटले की क्रिकेटचा चषक आठवतो. या कायद्याने अशा वस्तूंच्या व्यवहाराला आळा घातला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी, विशेषतः १९९१ च्या, तो अधिकच आवळत नेला. त्याआधीच्या, १९२७ च्या वन कायद्यानेही जंगलातून आणलेली शिंगे आणि हाडे वनोपजात धरली आहेत. म्हणजे उचलणाराही दोषी ठरू शकतो. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सांबरशिंगाच्या निर्यातीचा दरवाजाही बंद झाला आणि शेफील्डच्या कारागिरांना लाल हरणाच्या शिंगाकडे, रंगवलेल्या हाडाकडे आणि प्लॅस्टिककडे वळावे लागले.

यावर भाच्याने विचारलेला प्रश्न अनेकांच्या मनात येईल. "मामा, हरणानं टाकलेलं शिंग उचललं तर हरणाचं काय गेलं? उलट जंगलातल्या माणसाला चार पैसे मिळतील. वाया घालवण्यात काय शहाणपण?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला तिरस्काराने उडवून लावू नये. पण त्याची उत्तरे आहेत.

पहिले, ते वाया जात नाही. साळिंदर, उंदीर आणि खुद्द हरणेही पडलेली शिंगे कुरतडतात. त्यांना हाडांसाठी लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यातून मिळते. आपल्या डोळ्यांना जो कचरा दिसतो तो त्यांच्या ताटातला घास असतो.

दुसरे, शिंगे गळतात ती नेमकी कडक उन्हाळ्याच्या तोंडावर, गवत वाळलेले असताना. वाळल्या गवतात तपकिरी शिंग दिसत नाही. म्हणून शोधणारे गवतालाच काडी लावतात, असे जंगलातल्या वणव्यांची कारणे शोधणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. चार शिंगांसाठी शेकडो एकर रान आणि त्यातली घरटी जळतात.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुकड्यावरून जन्म ओळखता येत नाही. गळालेल्या शिंगाच्या विक्रीला परवानगी दिली की मारलेल्याचे शिंगही त्याच दुकानात, त्याच पिशवीत विकले जाणार. बाजाराला भाव तेवढा कळतो. आणि भाव चढला की उन्हाळ्याची वाट कोण पाहणार? हस्तिदंताच्या बाबतीत जगाने हे अनुभवले. 'जुना दात', 'मेलेल्या हत्तीचा दात' या नावाखाली काय काय खपले, ते पाहूनच १९८९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणावी लागली. आसाम सरकारने २०२१ साली गेंड्यांची जवळजवळ अडीच हजार शिंगे विकण्याऐवजी जाहीरपणे जाळून टाकली, तीही याच विचाराने. सरकारी तिजोरीत पैसे आले असते, पण त्यासोबत "या वस्तूला भाव आहे" हा संदेशही गेला असता.

सांबर हा काही कुठेही दिसणारा प्राणी राहिलेला नाही. २००८ पासून जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' प्राण्यांत आहे. मेळघाट, ताडोबा, कोयना, चांदोलीच्या रानात तो आहे आणि वाघाचे पोट त्याच्यावर भरते. सांबर कमी झाला की वाघ गावाकडे वळतो. मुठीचा आणि गोठ्यातल्या वासराचा संबंध असा दूरवरून लागतो.

मोबाइलवरचे जंगल

वैदूकडून गड्ड्यावर घेतलेल्या तुकड्याला निदान समोर एक माणूस होता. भाच्याने मला मोबाइलवर जी चित्रे दाखवली त्यात तोही नव्हता. शिंगांचे ढीग, खाली किंमत आणि आश्वासन, 'नैसर्गिकरीत्या गळालेले'. कुठल्या जंगलात, कोणी उचलले, कोणाच्या परवानगीने, याचा पत्ता नाही. घरपोच मात्र मिळणार. आपली तरुण मुले हौसेने, कलेच्या ओढीने अशा ठिकाणी मागणी नोंदवतात आणि नकळत गुन्ह्यात अडकतात. तुरुंगवासाची तरतूद असलेला हा कायदा आहे, "मला ठाऊक नव्हते" एवढ्याने सुटका होत नाही. ज्या घरात चाकू बनवण्याचा छंद आला आहे त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे जरूर सांगावे की परदेशी हरणाचे म्हणून विकले जाणारे शिंगही आयातीचे कागद पाहिल्याशिवाय घेऊ नये.

या बाबतीत सोलापूरकरांनी अनभिज्ञ राहणे विशेष शोभत नाही. मारुती चितमपल्ली याच शहरात जन्मले, आयुष्यभर वनखात्यात राहून त्यांनी मराठी वाचकाला जंगल वाचायला शिकवले, २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२५ च्या जूनमध्ये याच शहरात त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या पुस्तकांची पारायणे करायची आणि दिवाणखान्यात शिंगे टांगायची, हे दोन्ही एका घरात बसत नाही.

आपल्या दारातले शिंग

नुसते "हे नको, ते नको" सांगून कारागिराचे समाधान होत नाही. त्याच्या हाताला काहीतरी द्यावे लागते. ते देण्यासारखे सोलापूर जिल्ह्यात जितके आहे तितके फार थोड्या ठिकाणी असेल. आपली पंढरपुरी म्हैस! सोलापूर, सांगली, कोल्हापूर हे तिचे माहेर. तलवारीसारखी मागे गेलेली, खांद्याच्याही पलीकडे पोचणारी तिची शिंगे पाहून परगावचा माणूस थबकतो. कोल्हापुरात कट्ट्यावर उभी राहून गिऱ्हाइकासमोर धार देणारी ती हीच, आणि दिवाळीत शिंगे रंगवून जिची मिरवणूक निघते तीही हीच.

म्हशीच्या शिंगाचे काम देशात नवे नाही. उत्तर प्रदेशात संभळला आणि ओडिशात पारलाखेमुंडीला ही कला आजही पोट भरते. फण्या, बटणे, पक्षी, मुठी सगळे होते. मात्र त्याची निवड आणि तयारी हरणाच्या शिंगापेक्षा वेगळी. बुडाकडचा भाग पोकळ, टोकाकडचा भरीव. सलग मूठ हवी तर टोक घ्यावे, दोन फाका हव्या तर पोकळ भाग चिरून, गरम करून, लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून सपाट करावा. हाडासारखे न राहता हे शिंग उष्णतेने मऊ पडते, हा त्याचा मोठा गुण. घाई केली तर मात्र दगा देते. ओले शिंग बसवले तर सोलापूरच्या चाळीसच्या वरच्या उन्हाळ्यात आक्रसते आणि पात्यापासून सुटते, म्हणून निदान काही महिने सावलीत वाळवायला हवे. कसर लागलेले, पापुद्रे सुटलेले टाकून द्यावे. घासताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बारीक धूळ उडते, नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय हे काम करू नये. शेवटी जवसाच्या तेलाचा हात फिरवला की काळ्याभोर अंगात राखी-मधाळ रेषा उमटतात. त्यांपुढे सांबराचे काय कौतुक!

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, शिंगे यांचे काम आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काही जातींच्या माथी मारले, ते घाण ठरवले आणि करणाऱ्यालाही दूर ठेवले. ते ओझे त्यांनी झुगारले ते योग्यच झाले. आज शिंगाची मूठ आपल्याला 'कलाकुसर' म्हणून हवी असेल, तर ते शिंग सोलून, धुऊन, वाळवून देणाऱ्याला पूर्ण दाम आणि बरोबरीचा मान मिळाला पाहिजे. नाही तर जंगलातला अन्याय टाळून आपण गावातला अन्याय घरी आणू.

आता आमच्या घरातली गोष्ट पुरी करतो. कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करण्याची मुदत होती, २००३ साली पुन्हा एकशे ऐंशी दिवसांची संधी दिली गेली. आमच्या घरात कोणाच्या गावीही नव्हते. आता काय करायचे, हे आईलाच विचारले. ती बराच वेळ तो तुकडा हातात फिरवत बसली. सासूबाईंची आठवण होती ती. मग म्हणाली, "मेलेल्याचं की टाकलेलं, ते त्या वैदूलाच ठाऊक. त्याचं त्याला देऊन टाका." मी अर्ज लिहिला, वनखात्याच्या कार्यालयात तुकडा जमा केला आणि पोच घेतली. ती पोच आईने त्याच लाकडी डब्यात, सहाणेखाली ठेवली आहे.

भाचा महिनाभर रुसला. मग एका रविवारी मंगळवेढ्याकडच्या एका गावातून कापडात गुंडाळलेले शिंग घेऊन आला. तिथल्या शेतकऱ्याच्या गोठ्याच्या आढ्याला ते दोन वर्षे टांगलेले होते. पैसे किती, असे विचारल्यावर तो म्हातारा म्हणाला होता म्हणे, "चंद्रीचं हाय ते. नऊ वेतं दिली तिनं, म्हातारी होऊन गेली. एक मी ठेवलंय, एक तुम्ही न्या. चांगल्या कामाला लावा म्हंजे झालं." भाच्याने पैसे दिलेच, पण सोबत पहिली सुरी त्यालाच द्यायची, असे ठरवून आला.

दुसरी सुरी आमच्या स्वयंपाकघरात आहे. आई तिने कांदा चिरते. घरी आलेला कोणी मूठ पाहून विचारतो, "सुंदर आहे हो, कशाची?" तेव्हा आई सुरी खाली न ठेवताच सांगते, "चंद्रीच्या शिंगाची."